पाठवण्याआधी

१

मोहिनीआत्याची दुरुस्ती कधी स्क्रूड्रायव्हरने सुरू होत नसे. ती एका प्रश्नाने सुरू व्हायची. कुणी बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन दुकानात आलं, की आत्या आधी त्याला बसवायची, पाणी द्यायची आणि विचारायची, "बिघडायच्या आधी काय बदललं?"

"काहीच नाही हो," प्रत्येक जण हेच म्हणायचा.

"आठवा."

मग हळूहळू निघायचं. भाच्याने गेम टाकलेला असायचा, टेबल खिडकीपाशी सरकवलेलं असायचं, कुणीतरी वायर उपटून मिक्सर लावलेला असायचा. आत्या सगळं ऐकून घ्यायची आणि बदललेल्या गोष्टी एकेक करून पूर्वीसारख्या करायची. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम हलवल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही, असं ती म्हणायची.

हर्षाली नववीत होती. शनिवारी शाळा सकाळची असे. सुटली की ती आडगाव नाक्यावरच्या आत्याच्या दुकानात यायची आणि रविवारी घरी जायची. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत आत्या एकटीच राहायची. वर्गात बाईंनी उभं केलं की हर्षालीचा आवाज घशातच बसायचा. आत्याकडे बोलायची सक्ती नव्हती. नुसतं बघत बसलं तरी चालायचं, आणि काम करणारी आत्या बघण्यासारखीच असायची. ती कधी घाई करत नसे आणि यंत्राला कधी शिव्या देत नसे. ते रुसलेलं पोर असावं तसं त्याच्याकडे मान किंचित कलती करून बघायची.

त्या शनिवारी दोघी जेवायला बसणार, तेवढ्यात पिंपळगावहून लताबाईंचा फोन आला. त्यांचं द्राक्षांचं पॅकहाऊस होतं, बागायतदारांचा माल तिथे पेट्यांत भरून परदेशी जायचा. तिथले कॉम्प्युटर आत्याच सांभाळायची.

"मोहिनी, आहे तशी निघ गं. रविवारी त्या मेल्या कॉम्प्युटरनं आपली आपण कात टाकली, अपडेट का काय ते झालं, तवापासून एक मेल बाहेर जाईना. दारात कंटेनर भरून उभा हाय."

आत्याने पोळीचा रोल करून हर्षालीच्या हातात दिला. "गाडीवर खा," म्हणाली.

२

पॅकहाऊसच्या अंगणात कंटेनर उभा होता. त्याच्या तोंडाशी बसवलेलं थंडीचं मशीन एकसारखं घुमत होतं. आवाज मोठा नव्हता, पण तो जमिनीतून पायात यायचा. जानेवारीची दुपार होती, सावलीत अजून गारठा होता. ड्रायव्हर निजामभाई चाकाला टेकून उभे होते.

ऑफिस म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत जिया कॉम्प्युटरपाशी बसली होती. सायखेड्याची पोरगी, चार वर्षांपासून इथलं सगळं इंग्रजी तीच बघायची. आतल्या खोलीचं दार बंद होतं आणि त्याला नवंकोरं कुलूप होतं.

लताबाई खुर्चीत बसल्याच नाहीत. "आज शनिवार. बंदरावरच्या एजंटचं ऑफिस संध्याकाळी बंद झालं की संपलं. कागद त्याआधी पोचले नाय तर बोट चुकली. आबा गेल्यावर माझा हा पहिला कंटेनर हाय, मोहिनी. बागायतदार टपून बसलेत, ही बाई निभावती का बघू म्हणून. हा परत फिरला तर पुढच्या वर्षी माझ्याकडं कोण माल घालील?"

आबा म्हणजे त्यांचे सासरे, नाथाआबा. गणपतीच्या आधी गेले. हर्षालीने त्यांना पाहिलं नव्हतं.

"व्हॉट्सअॅपवर पाठवले कागद?" आत्याने विचारलं.

"चालत नाही म्हणाले," जिया म्हणाली. "ऑफिसच्याच मेलवरून हवेत. मी फोनमधून पण करून पाहिलं, ताई. तिथंही नुसतं गोल गोल फिरतं."

"फोनमधूनही?"

"हो."

आत्याने एकदम तिच्याकडे पाहिलं. कॉम्प्युटरने अपडेट घेतलं म्हणून फोन का अडावा, हे हर्षालीलाही कळलं नाही. आत्याने खुर्ची पुढे ओढली.

३

मेलचा प्रोग्रॅम उघडतच नव्हता. नाव यायचं, खाली निळी रेघ अर्ध्यावर यायची आणि तिथेच थिजायची.

आत्याने तो बंद केला आणि जोडीला लागलेल्या सगळ्या उपऱ्या गोष्टी, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बाजूला ठेवून नुसता उघडला. आता रेघ थोडी पुढे गेली. मग तिने त्या उपऱ्या गोष्टी एकेक करून तपासल्या. एक जुनी निघाली, नव्या व्यवस्थेत न बसणारी. ती काढून टाकली. मग जुन्या मेलची फाइल दुरुस्तीला लावली. फाइल मोठी होती, वेळ लागत होता. लताबाई दारात जाऊन कंटेनरकडे बघायच्या आणि परत यायच्या. आत्या मात्र हाताची घडी घालून शांत बसली होती, जणू चुलीवर दूध ठेवलंय आणि ते येईल तेव्हा येईल.

"ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?" जियाने विचारलं. "सगळंच उडालं तर?"

"आधी नक्कल करून ठेवलीय. भीती वाटते म्हणूनच."

जिया हसली. हर्षालीच्या मनात आलं, मोठं झाल्यावर आपल्याला असं एक वाक्य बोलता आलं तरी पुरे.

फाइल सुधारली. प्रोग्रॅम सरळ उघडला आणि आठवड्याचे अडकलेले मेल धडाधड आत येऊ लागले. लताबाईंनी हात जोडले.

"थांबा," आत्या म्हणाली. "आत येतंय. बाहेर जातंय का बघू."

जियाने एजंटचा मेल उघडला, कागद जोडले आणि बटण दाबलं. मेल बाहेर जाण्याच्या कप्प्यात जाऊन बसला आणि तिथेच राहिला. प्रोग्रॅम आता थिजत नव्हता, कुठली चूकही दाखवत नव्हता. तळाला 'पाठवत आहे' एवढंच दिसत होतं.

आत्याने स्वतःच्या फोनचं इंटरनेट जोडलं. तिच्या पत्त्यावरून एक मेल पाठवून पाहिला, तो पटकन गेला. ऑफिसच्या पत्त्यावरून पाठवलेला नाही गेला. तिने तीनदा वेगवेगळ्या वाटांनी करून पाहिलं. मग ती मागे टेकली.

"अडलेलं वाटत नाही हे," ती स्वतःशीच म्हणाली. "थांबल्यासारखं वाटतंय."

४

"रविवारी अजून काय बदललं?" आत्याने विचारलं.

"काही नाय," लताबाई म्हणाल्या.

"आठवा."

जिया आणि लताबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. बाहेर मशीन घुमत होतं.

"ही खोली बंद केली," लताबाई शेवटी म्हणाल्या. "आबांची. मीच कुलूप घातलं."

"इंटरनेटचा डबा आत आहे का?"

"आतच. कपाटावर."

"मग सांगायचं नाही का, वहिनी. चला, आधी दार उघडा. आणखी काही?"

जियाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी वाचायचं बंद केलं."

"काय वाचायचं?"

मग जियाने सांगितलं, ते असं. आबा चौथी शिकलेले. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना कळत नसे. पण त्यांच्या पॅकहाऊसमधून बाहेर जाणारा प्रत्येक मेल त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा लागे, इंग्रजीतच. जिया इथे बसून वाचायची, ते आत खुर्चीवर बसून डोळे मिटून ऐकायचे. शब्द कळत नसले तरी वाचणाऱ्याचा आवाज त्यांना कळायचा. जिथे तिची तिलाच खात्री नसेल तिथे तिचा आवाज जरासा हलायचा, आणि आतून म्हणायचे, "परत." सगळं नीट असलं की नुसतं "हं." तो हुंकार आला की मगच बटण दाबायचं. चार वर्षांत त्यांनी 'परत' म्हटलं आणि चूक निघाली नाही, असं झालं नव्हतं.

"आणि ते गेल्यावर?"

"सवय लागली होती, ताई. मी वाचायचेच. वाचून झालं की थोडं थांबायचे, मग पाठवायचे."

"रिकाम्या खोलीला वाचून दाखवायची," लताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता. "लोक हसतील म्हणून मी बंद कर म्हटलं. माणूस गेलं, आता किती दिवस विचारायचं त्याला? पण खरं सांगू का, मोहिनी? हिचं वाचून झालं की मीही हातातलं काम थांबवायची. ते मला नको झालं."

आत्या हसली नाही, घाबरलीही नाही. बिघडलेल्या कॉम्प्युटरकडे बघायची तशीच मान कलती करून तिने त्या दाराकडे पाहिलं.

"दोन गोष्टी बदलल्यात," ती म्हणाली. "एकेक करून मागे नेऊ. आधी दार."

५

दार उघडलं, पण मेल तिथेच होता.

"हर्षाली, आत जाऊन त्या डब्याचा दिवा बघत बस," आत्या म्हणाली. "हिरवा असला तर असू दे. तांबडा झाला की सांग. आवाज दे मात्र, मुंडी हलवलेली मला दिसणार नाही."

आतली खोली लहान आणि गार होती. एक लोखंडी कपाट, वर तो डबा, भिंतीला स्टूल आणि मधोमध एक खुर्ची. खुर्ची दाराकडे तोंड करून नव्हती, किंचित तिरकी होती. उजवा कान बाहेरच्या खोलीकडे यावा अशी. तिच्यावर हाताने शिवलेली, निळ्या ठिपक्यांची कापसाची गादी होती.

हर्षाली दप्तर पायाशी ठेवून स्टुलावर बसली. दिवा हिरवा होता, लुकलुकत होता.

गादी मध्ये दबलेली होती. एखादा माणूस उठून गेल्यावर दिसते तशी. वापरून वापरून कापूस बसला असेल, हर्षालीने स्वतःला समजावलं. घरी बाबांच्या जागेवरची गादी अशीच आहे. पण बाबांच्या गादीला मधे वळ्या आहेत आणि त्या वळ्यांत धूळ बसते. या गादीवर धूळ नव्हती. कपाटावर होती, खुर्चीच्या दांड्यावर होती.

ती परत दिव्याकडे बघू लागली.

"आता दुसरी गोष्ट," बाहेर आत्या म्हणाली. "वाच गं, जिया. आबांना वाचून दाखवायचीस तसं."

"ताई, खरंच?"

"वाचायला काय जातंय."

जियाने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. सरळ, स्वच्छ आवाज. मालाचं वर्णन, पेट्या, कंटेनरचा नंबर, त्याच्या दारावरच्या सीलचा नंबर. हर्षालीचं लक्ष दिव्यावर होतं आणि म्हणूनच तिला ते दिसलं. जिया वाचू लागली तसा दिवा लुकलुकायचा थांबला. तांबडा झाला नाही, विझलाही नाही. हिरवाच राहिला, पण स्थिर. वर्गात एखादं ऐकणारं मूल जसं पापणी हलवायला विसरतं, तसा.

डब्यांचे दिवे असे थांबतात कधीकधी. आत्याने तसं एकदा सांगितलं होतं. बहुतेक सांगितलं होतं.

वाचून झालं. कंटेनरचं मशीन तेवढं घुमत होतं. काहीच झालं नाही.

"नाही गेला," आत्या म्हणाली.

मग हर्षालीला एक गोष्ट आठवली. सीलच्या नंबरापाशी जियाचा आवाज जरासा हलला होता. बाहेर बसलेल्यांना मशीनच्या घुमण्यात ते जाणवलं नसेल. या खोलीत, या तिरक्या खुर्चीच्या बाजूला बसून ते अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं.

सांगायला हवं होतं. आवाज घशाशी येऊन बसला. वर्गात बसायचा तसाच.

तिने बाहेर पाहिलं. आत्या पडद्याकडे बघत होती. खांदे थोडे वाकले होते. आत्याला हरताना हर्षालीने कधी पाहिलं नव्हतं आणि तिला ते पाहायचं नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली. "सीलचा नंबर. परत."

जियाचा चेहरा दारातून दिसत होता. तो उतरला होता.

"परत म्हणजे?" आत्याने विचारलं.

"तिथं जियाताईंची खात्री नव्हती."

"नव्हतीच," जिया पुटपुटली. "निजामभाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलाय. सात की एक कळेना. सात धरला."

लताबाई तशाच अंगणात धावल्या. परत आल्या तेव्हा त्यांना दम लागला होता. "एक हाय. सीलवर एक हाय." मग त्या भिंतीला टेकल्या. "हे असं गेलं असतं तर बंदरावरच अडकवला असता कंटेनर. सडला असता माल."

६

जियाने आकडा दुरुस्त केला. निजामभाई दारात आले.

"काकू, डिझेल टाकतो. मशीन दोन मिनिट बंद राहील. टेन्शन मत लो, आतली थंडी जात नाही."

"टाका," लताबाई म्हणाल्या.

हर्षाली स्टुलावर होती. तिला उठून बाहेर जावंसं वाटत होतं. पण आत्याने दिवा बघ म्हटलं होतं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम होता.

जिया वाचू लागली. दिवा थांबला. या वेळी तिचा आवाज कुठेच हलला नाही, सीलच्या नंबरापाशी तर उलट जरा उंच झाला. ती शेवटच्या ओळीवर आली, तेव्हा अंगणातलं मशीन बंद झालं.

शांतता इतकी अचानक आली, की कान भरल्यासारखे झाले. दुपारपासून त्या आवाजाखाली सगळं दडलं होतं. हायवेवरचे ट्रक, पॅकिंगच्या शेडमधल्या बायकांचं बोलणं, दूर कुठेतरी कुत्रं. जियाने शेवटचा शब्द वाचला आणि ती थांबली.

"हं."

म्हाताऱ्या माणसाचा नव्हता आणि तरुणाचाही नव्हता. नुसता समाधानाचा आवाज होता, नाकातून आलेला, खालच्या पट्टीतला. हर्षालीच्या डाव्या बाजूने आला. डाव्या बाजूला खुर्ची होती.

बाहेर बटण दाबल्याचा टक असा आवाज झाला.

"गेला," जिया म्हणाली. आणि मग रडत, हसत, "गेला, काकू, गेला."

दिवा परत लुकलुकू लागला.

७

तिघीही दारात आल्या. लताबाईंनी हर्षालीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"केवढं काळीज गं पोरीचं. कसं बरोबर 'हं' म्हणालीस. अगदी आबांसारखं. माझ्या तर अंगावर काटा आला."

हर्षालीने आत्याकडे पाहिलं. आत्या तिच्याकडे बघत होती. त्या नजरेची हर्षाली किती दिवस वाट बघत होती. एवढ्या वर्षांत आत्याच्या त्या नजरेचा मान फक्त एखाद्या उत्तम बांधलेल्या यंत्राला मिळालेला तिने पाहिला होता.

"शाबास," आत्या म्हणाली. "जियाला ते लागणार, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सवयीचा हात होता तिचा, हुंकाराशिवाय बटण नीट दाबलंच जात नसणार. तुझ्या लक्षात आलं."

मी नाही म्हणाले, असं सांगायचं होतं. शब्द तयार होते. पण लताबाईंच्या डोळ्यांत किती दिवसांनी सुटका दिसत होती, आणि आत्याकडे आता सगळ्याचं उत्तर होतं. फोनमधून मेल का गेला नाही याचं नव्हतं. पण ते आता कोणी विचारत नव्हतं.

निघताना जियाने द्राक्षांची पेटी गाडीवर बांधली. आत्या लताबाईंना सांगत होती, "दार बंद करू नका. जिया वाचत असेल तर वाचू द्या. चालतंय त्याला हात लावायचा नसतो."

हर्षालीचं दप्तर आत राहिलं होतं. ते घ्यायला ती एकटी गेली. खोलीतून पटकन बाहेर पडायचं असं तिने ठरवलं होतं. पण घरी लहानपणापासून शिकवलं होतं, की मोठ्या माणसाच्या घरून निघताना वाकून निघायचं, नुसतं पाठ फिरवून जायचं नाही. त्या माणसाने तिची लाज राखली होती. आत्याचीही. हर्षाली खुर्चीसमोर वाकली आणि तिने जमिनीला हात लावून कपाळाला लावला.

मान वर केली तेव्हा गादी तिच्या डोळ्यांसमोर होती.

मधला खळगा भरत होता. हळूहळू, कापूस फुगावा तसा, एका बाजूने आधी आणि मग दुसऱ्या. हातांवर जोर देऊन कुणी म्हातारं माणूस उठावं, तसा.

तिने दप्तर उचललं आणि ती बाहेर आली. पळाली नाही. पाठीमागे बघितलंही नाही.

८

आडगाव नाक्याला पोचेपर्यंत दिवे लागले होते. वर आल्यावर आत्याने द्राक्षं मिठाच्या पाण्यात टाकली आणि पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडला. हर्षाली स्वयंपाकघरात होती. सकाळपासून तहान लागल्यासारखी ती माठातलं पाणी पीत होती.

वाटेत ती सगळं विचार करकरून आली होती. मशीन बंद झालं होतं, पण बंद होतानाही ते शेवटचं काहीतरी घुमलं असेल. कापूस दाबला की थोड्या वेळाने वर येतो. आपण वाकताना खुर्चीला गुडघा लागला असेल. प्रत्येक गोष्टीला काहीतरी होतं. आत्या तिच्या जागी असती तर तिनेही असंच केलं असतं, एकेक गोष्ट वेगळी काढून बघितली असती. हर्षालीला बरं वाटू लागलं होतं.

"हर्षाली," बाहेरून आत्या म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. "लताबाईंना काम झाल्याचा मेल टाकतेय. आजपासून माझेही मेल तूच तपासायचे. एवढा तयार कान घरात असताना फुकट कशाला घालवायचा? ऐकतेस ना? वाचते हं."

आणि आत्या वाचू लागली. काय बिघडलं होतं, काय काढलं, काय जोडलं, पुढे काय जपायचं. सगळं नेमकं, जसं तिचं काम असायचं तसं. हर्षालीने पेला तोंडाला लावला आणि मोठा घोट घेतला. आत्या आता आपल्यासाठी वाचते, या विचाराने तिला गिळायचंही भान राहिलं नाही. गाल पाण्याने भरलेले तसेच ठेवून ती ऐकत राहिली. आत्याचा आवाज कुठेच हलला नाही.

वाचून झालं. आत्या थांबली.

"हं."

बाहेर बटण वाजलं.

"बरं झालं बाई, पास झाले," आत्या हसत म्हणाली.

हर्षाली ओट्यापाशी उभी होती. पाण्याचा घोट अजून तिच्या तोंडात तसाच होता.